नवशीकाकीच्या लाईनवरचे हात

अच्छाड नाक्यावरून कंपनीची बस सुटते, तेव्हा खिडकीशी बसलेली नवशीकाकी साऱ्या बसवर डोळा ठेवून असते. सीमेपलीकडे गुजरातेतल्या औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत ती पॅकिंगची लाईन लीडर आहे. चेंजरूममध्ये कुणाची बांगडी हातमोज्याखाली राहिली की हिने पकडलीच. ओरडते भरपूर, आणि ओरडून झालं की जेवणाच्या सुट्टीत डब्यातली सुकटाची चटणीही तीच पुढे करते. अशा बाईवर रागावून राहणं फार कठीण.

यंदा मात्र लाईनवरची संगीता रागावली, आणि तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

भातकापणीला या लाईनवरच्या बायका एकमेकींच्या शेतात जातात. आज हिच्या, पुढच्या सुट्टीला तिच्या. त्या रविवारी झरीला, काकीच्या गावी, तिच्या शेतात सगळ्या जमल्या होत्या. हसण्याखिदळण्याच्या नादात संगीताचा विळा बोटावर आला. काकीनेच पाला चुरडून लावला, फडकं बांधलं.

सोमवारी संगीता काकीच्या आधीच हातमोजे चढवून चेंजरूममध्ये उभी. ती नोकरीत कायम होणार की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं. हाताला जखम असलेल्या माणसाने उघड्या गोळ्यांजवळ जायचं नाही, हा कंपनीचा नियम. जखम दिसली की घरी, आणि घरी म्हणजे खाडा; खाडा पडला की कायम होणं राहिलं.

काकी तिच्यासमोर थांबली. विचारलंच नाही तर कळणार कुणाला, असं काकी सकाळपासून मनाला समजावत होती. पण गोळी खाणारं माणूस आधीच आजारी असतं, हेही तिच्या मनातून जाईना.

"मोजा काढ."

"काकी, तुझ्याच शेतात लागलंय ना."

"म्हायतेय मला. काढ."

संगीताने मोजा काढून बाकावर फेकला आणि ती बाहेर गेली. लाईन सुरू करून काकी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. धनेश सर नवीन होते, वयाने तिच्या मुलाएवढे.

"सर, पोरीचं बोट माझ्या शेतात कापलं. खाडा लावायचा तर मला लावा."

"असं कसं करता येईल, काकी?"

"मग दुसरं काय ते करा. नियम मोडा म्हणत नाय मी, मीच तिला बाहेर काढली. पण खरं दाखवलं म्हणून तिचं काम गेलं, तर उद्या कोण हात दाखवेल? सगळीकडे कापणी चाललीय. सगळ्या मोजे घालून उभ्या राहतील, आणि मीपण एक दिवस विचारायचं सोडून देईन."

सरांनी नियमांची फाईल काढून वाचली. जखम असलेल्या माणसाला आत घेऊ नका, एवढंच नियमात होतं. घरी पाठवायची रीत आधीच्या साहेबांनी पाडलेली. "बाहेर खोकी दुमडायला माणसं कमीच आहेत," ते म्हणाले. "जखम भरेपर्यंत तिथे बसू दे. हजेरी पूर्ण लावू. कायम करताना हे आड येणार नाही, ते माझ्यावर."

काकी गेटवर धावली. संगीता रिक्षाची वाट बघत होती. सगळं ऐकून ती परत आली, पण काकीकडे पाहिलं नाही.

मंगळवारी काकी पुन्हा हात तपासायला उभी राहिली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग प्राजक्ताने आपणहून मोजा काढला. अंगठ्यावर ताजी चीर. तिच्यामागून हिराबाईने तळहात पुढे केला, मग आणखी एकीने.

"ठरवून कापून घेतलंत काय गं सगळ्यांनी?" काकी ओरडली आणि तिघींना खोक्यांकडे पिटाळलं. माणसं कमी पडली म्हणून दुपारपर्यंत स्वतः मशीनवर उभी राहिली. पाय दुखत होते, पण एवढं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत संगीता येऊन शेजारी बसली. काकीच्या डब्यातली चटणी तिने आपणहून वाढून घेतली.

"येत्या रविवारी आमच्याकडं कापणी हाय," ती म्हणाली. "तू येशील ना, काकी?"

"येणार नाय तर जाणार कुठं," असं म्हणून काकीने डोळे पुसायला तोंड भिंतीकडे फिरवलं.