पायाला कळतंय की

"पायाला कळतंय की," असं म्हणत मामा चपला काढायचे आणि मगच गाडी चालवायला बसायचे. चपला गाडीत येत नसत. गल्लीच्या तोंडाशी, गाडी उभी राहायची त्या जागी, भिंतीला लागून त्या ठेवलेल्या असत. दिसल्या तर समजायचं, मामा भाडं घेऊन गेलेत. नसल्या तर घरीच आहेत, खुशाल हाक मारा. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचा ठावठिकाणा अशा खुणेवरून कळतो.

ते खरे कुणाचेच मामा नव्हते. एक जुनी पांढरी गाडी, तिच्यावरच त्यांचं पोट आणि तिच्यातच जीव. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिलाच, तेव्हा पदवीदानाला त्यांनी आम्हा सगळ्यांना त्या गाडीत कोंबून नेलं. तेव्हापासून माझं नावच बीए पडलं. "काय बीए, जेवलासा का?"

पुढं काही वर्षांनी, पुण्याचा रस्ता नुकताच चौपदरी झाला होता तेव्हा, पुण्यातच आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शनिवारी तिला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीचं हाड अजून जुळतंय, प्रवासात हादरे बसता कामा नयेत. बहीण तिच्याजवळ थांबली आणि मी गाडी ठरवायला कोल्हापूरला आलो. आई मामांना दादा म्हणायची आणि ते तिला अक्का. तिचं एकच म्हणणं होतं. "दादाच्याच गाडीतनं येणार. दुसऱ्याच्या गाडीत मला भ्या वाटतंय."

"एकदा पळवून बघू," मामा म्हणाले. हायवेला लागून शिरोली ओलांडली. सत्तरपर्यंत गाडी सुरेख चालली. सत्तरच्या पुढे काटा गेला आणि माझ्या सीटखाली बारीक थरथर सुरू झाली. ऐंशीला ती पाठीत चढली.

"मामा, हे काय..."

"गप बसा की जरा." डाव्या पायाचा तळवा त्यांनी गाडीच्या तळाच्या पत्र्यावर टेकवला होता. चेहरा उतरला. "दसऱ्याच्या आधी असलं न्हवतं हो. त्यानंतर गावातच फिरलीया, कळलंच न्हाय."

त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन मंदावलं, थरथर तशीच. "इंजिन न्हाय." स्टेअरिंग हलत नव्हतं. "म्होरची चाकं न्हाईत. मागं हाय कायतरी."

मागच्या चाकांचा बॅलन्स करून घेतला. पुन्हा हायवे, पुन्हा सत्तर, पुन्हा तेच. मग उद्यमनगरातल्या त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीनं मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे जॉइंट बदलले. तरीही तेच. डोळे मिटले की मला आईच्या छातीवरचे टाके दिसायचे.

शुक्रवार उजाडला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बीए, दुसरी गाडी बघा. अक्काला वाटंत काय झालं, तर मी गल्लीत तोंड कसं दावू?"

शेवटचं एकदा बघू म्हणून ते मिस्त्रीच्या गॅरेजात गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. मी बॅटरीचा उजेड धरला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब लोखंडी शाफ्ट चंदेरी चमकत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे सगळेच गाड्या पुजतात, पण मामा गाडी पोटाखालूनही घासून काढत. यंदा हौसेनं शाफ्टलाही रंग दिला होता. त्या रंगाखाली दोन बारीक उंचवटे होते. मामांनी त्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"काय घावलं?" मिस्त्रीनं वरून विचारलं.

"हितं एक पत्र्याचा तुकडा हुता. डांबर चिकाटलंय वाटलं. रंग नीट बसंना, म्हणून छिन्नीनं उडवला."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "आवो, त्यो तोलाचा तुकडा! कारखान्यातनंच लावून येतोय. त्यो न्हाय म्हटल्यावर शाफ्ट थरथरणारच की!"

मामा खड्ड्यातच खाली बसले. "पूजा करायला गेलो बघा..."

पाइपाला आवळतात तसली स्क्रूची पट्टी मिस्त्रीनं त्या जागी शाफ्टभोवती आवळली. तिचं वजन तुकड्याच्या जागी. हायवेला जायचं, परत यायचं, पट्टी बोटभर सरकवायची, पुन्हा जायचं. दिवस कलायला आला. काटा ऐंशीवर होता, मामांचा तळवा पत्र्यावर, आणि मी रस्ता सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"गेली," ते हळूच म्हणाले.

शनिवारी आई छातीशी उशी धरून मागच्या सीटवर बसली. साताऱ्यापर्यंत मी सारखा वळून तिच्याकडे बघत होतो. कऱ्हाडच्या अलीकडे तिला झोप लागली.

"झोपली?"

"झोपली."

कोल्हापूरपर्यंत मामांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. गल्लीत तिला घरात नेऊन बसवलं, तेव्हा कुठे मामांनी जाऊन भिंतीजवळच्या चपलांत पाय घातले.

पुढच्या खंडेनवमीला गाडीखाली शिरून त्यांनी त्या पट्टीला हळदकुंकू लावलं. दारातून आई ओरडली, "दादा, काय खरडू नकासा बरं!"

"न्हाय अक्का, नुसतं कुंकू!" गाडीखालून आवाज आला.

मग साखरेच्या दुखण्यानं त्यांचे पाय बधिर होत गेले. एका सकाळी ते पायात चपला ठेवूनच गाडीपाशी उभे दिसले. गाडी विकायची ठरवली होती.

"पायाला कळंना झालंय, बीए."

"हळू चालवा की, मामा."

"मागं कुणाची तरी अक्का बसलेली असतीया."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गल्लीत शिरताना माझी नजर अजून त्या भिंतीच्या कडेला जाते. चपला नसतात. आमच्या जुन्या खुणेप्रमाणे याचा अर्थ एवढाच, की मामा घरीच आहेत.