टँकरसाठी एव्हरेस्ट

टँकरचं पाणी घागरीत ओतलं की वरचं पाणी हळूहळू नितळतं आणि गाळ तळाशी बसतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पहून परत आल्यावर आमचंही तसंच झालं. विमान, बर्फ, डोंगर हे सगळं वरच्यावर निवळून गेलं आणि तळाशी किस्से उरले. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी एकत्र बसलो की पूजा म्हणते, "ए, ते नळाचं सांग की!" शकू म्हणते, "नको, फ्लेक्सचं सांग." मी काहीच सांगत नाही. मला चार लोकांत बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

शकू आणि मी उदगीरजवळच्या एका वस्तीवरच्या. पूजा उदगीरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानदाराची मुलगी. तिघी एकाच वर्गात. आणि आमच्याबरोबर आलेल्या कांबळे मॅडम, म्हणजे आमच्या पी.टी.च्या बाई.

* * *

आमच्या शाळेच्या अध्यक्षसाहेबांना तालुक्याचा जिल्हा व्हायला हवा आहे. दर सव्वीस जानेवारीला 'या खेपेला जाहीर होणार' अशी आवई उठते. साहेब फटाके आणून ठेवतात. ते फटाके पुढे गणपतीत वाजतात.

मोर्चे झाले, उपोषणं झाली. मग कुणीतरी साहेबांच्या डोक्यात घातलं की शाळेच्या मुलींनी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर जिल्ह्याच्या मागणीचा फलक धरला, तर फोटो थेट मुंबईपर्यंत जाईल.

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. आमच्या वस्तीवर डोक्यावरून.

मॅडमनी सगळ्या मुलींना किल्ल्याच्या चढावर पळवलं. गावातल्या मुली अर्ध्यात बसल्या. शकू आणि मी वर जाऊन उभ्या राहिलो. पूजाची निवड मात्र तिच्या वडिलांनी सगळ्यांना बूट दिले म्हणून झाली. हे पूजाच सांगते.

साहेब खूश झाले. "मॅडम, ह्या पोरींचा स्टॅमिना कसा काय तयार केला तुम्ही?"

मॅडम म्हणाल्या, "मी कुठं, साहेब? तुम्हीच केला. वस्तीची नळयोजना बंद हाय ना!"

साहेब मोठ्यानं हसले. मग माइक घेऊन म्हणाले, "पोरींनो, तुमच्यातली एक जरी माझा फलक धरून तिथं उभी राहिली, तर तुमच्या वस्तीला रोज टँकर! हा माझा शब्द!"

त्याच दिवशी शकूच्या आईनं दारातला मोकळा ड्रम घासून ठेवला. पाणी नव्हतं म्हणून राखेनं घासला.

* * *

फलक म्हणजे फ्लेक्स होता. नेपाळात चालायला सुरुवात करायच्या आधी आमच्या गाइडनं, पासांगदादांनी, ओझं बांधताना तो उलगडला. साहेब हात जोडून उभे, डोक्यापासून बुटांपर्यंत.

पूजा म्हणाली, "मॅडम, जिल्ह्याचं कुठं लिहिलंय?"

शकूनं वाकून शोधलं. "हे बग. बुटापाशी हाय."

पासांगदादांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत बघितला. मग आदरानं विचारलं, "ये कौन से भगवान हैं?"

मॅडम म्हणाल्या, "अभी हुए नहीं हैं. कोशिश चालू है!"

* * *

पहिल्याच दिवशी खाली दरीत नदी दिसली. पांढरीशुभ्र, खडकांवर आपटत चाललेली. काठाला एकही माणूस नाही, एकही घागर नाही. शकू पुलावर थांबली ती हलेचना.

"दादा, हे पानी किसका है?"

"किसी का नहीं."

शकूनं माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे विहिरीवर पोलीस बसवला होता.

"मंग ह्याला राखण कोण करतं?" तिनं मराठीतच विचारलं. पासांगदादांना कळलं नाही. सांगायला माझ्याजवळ हिंदी होतं, पण तोंड उघडलं नाही.

* * *

आता नळाचं.

नामचे बाजारला ज्या लॉजवर उतरलो, तिथं मोरीतला नळ सारखा बारीक धारेनं चालू असायचा. शकूला जेवण गेलं नाही. दोनदा मालकिणीला सांगून बघितलं. ती नुसती हसली. शेवटी झोपायला जाताना शकूनं नळ घट्ट पिळून बंद केला, वर रुमालानं बांधला, आणि मग शांत झोपली.

सकाळी लॉजभर आरडाओरडा. "नल किसने बंद किया?"

तिकडे थंडीत नळ मुद्दाम थोडा चालू ठेवतात. पाणी वाहतं राहिलं तर पाइपात गोठत नाही. शकूनं बंद केला आणि अख्ख्या लॉजचं पाणी गोठलं! परदेशी पाहुणे हातात ब्रश घेऊन उभे. मालकीण नेपाळीत जे बोलली त्याचं भाषांतर पासांगदादांनी केलं नाही.

नळ बंद केला म्हणून शिव्या खाणारी आमच्या तालुक्यातली शकू पहिलीच असेल.

मग वरच्या झऱ्यावरून पाणी आणावं लागलं. कुणी सांगायच्या आत शकूनं चुंबळ केली, कॅन डोक्यावर घेतला आणि चढाला लागली. मी दुसरा घेतला. पाहुणे आमचे फोटो काढू लागले.

शकू म्हणाली, "एव्हरेस्टला येऊन बी हेच!"

* * *

पूजाच्या आईनं तिला वेगळा गिलास दिला होता आणि ताकीदही. "मॅडमच्या बाटलीला तोंड लावू नको. बाकी मॅडम चांगल्या आहेत." हे पूजानं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, सहज, हवापाणी सांगावं तसं.

वाटेत मंत्र कोरलेले दगड लागायचे. मॅडम हात जोडून त्यांच्या डाव्या बाजूनं जायच्या, पासांगदादाही. दोघं एकमेकांना "नमो बुद्धाय" म्हणायचे. पूजा लांबून बघायची.

डिंगबोचे गावाच्या वर वारा सुटला. पूजाच्या बाटलीतल्या पाण्याचा बर्फ झाला. गिलास कुठल्याशा वळणावर राहून गेला होता. ती एका दगडावर बसून रडायला लागली. मॅडमनी आपला थर्मास तिच्या पुढ्यात ठेवला. पूजानं तो दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मग तोंड पुसून म्हणाली, "मॅडम, आईला सांगू नका."

मॅडम म्हणाल्या, "मी कशाला सांगू? टोपण तेवढं घट्ट लाव. चहा गार होऊन राहिला."

* * *

उंचावर भरपूर पाणी प्यावं लागतं, नाहीतर डोकं धरतं, उलट्या होतात, माणूस दगावतोसुद्धा. पासांगदादा रोज विचारायचे, "पानी पिया?" आम्ही तिघी ओरडायचो, "हाव!"

लोबुचेच्या मुक्कामाला पोचल्यावर शकूचा तोल जायला लागला. डोकं धरून बसली, ओकली. पासांगदादांनी तिची सॅक उघडली. सगळ्या बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

मॅडम ओरडल्या, "कामून प्याली न्हाईस गं?"

"ठेवलं होतं. पुढं मिळंल, न मिळंल."

"अगं, सगळीकडं बर्फ हाय! पाणीच पाणी हाय!"

शकू म्हणाली, "हाव, पण ठेवलं होतं."

पासांगदादांनी सांगितलं की हिला आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं. बेस कॅम्प फक्त एका दिवसावर राहिला होता. शकूनं मॅडमचे पाय धरले. "मॅडम, फलक धरायचा हाय. टँकरचं काय?" मॅडमनी तिला उठवलं, आमचं सामान वाहणाऱ्या हमालाच्या पाठीवर बसवलं आणि तिच्याबरोबर त्याही निघाल्या.

जाताना शकूनं मला जवळ बोलावलं. बोलतानाही तिला धाप लागत होती.

"आता वस्तीची तू एकटीच राहिलीस. फोटोत नीट उभी राहा. हमेशासारखी लाजू नको, मेले. ह्या खेपेला तरी."

* * *

बेस कॅम्प म्हणजे नुसते दगड आणि बर्फ. पूजानं चारी बाजूंना बघितलं. "एव्हरेस्ट कुठाय?"

पासांगदादा म्हणाले, "चोटी यहाँ से नहीं दिखती."

"काय? एवढं चालून आलो आणि दिसतच न्हाई?" मग स्वतःच म्हणाली, "आपल्या जिल्ह्यासारखंच हाय की!"

आम्ही फ्लेक्स उलगडला. एक टोक मी धरलं, एक पूजानं. पासांगदादा फोटो काढायला पुढे गेले. मी मान वर केली, डोळे समोर ठेवले. खरंच लाजले नाही. तेवढ्यात वारा आला आणि फ्लेक्स आमच्या अंगावर गुंडाळला गेला. सोडला असता तर उडाला असता, म्हणून आम्ही दोघी त्याच्या मागे तशाच उभ्या राहिलो.

फोटो आला. बर्फात अध्यक्षसाहेब हात जोडून उभे आहेत. दोन्ही बाजूंना हातमोजे दिसतात, बाकी आम्ही नाही.

परतताना गोरक्षेपच्या मुक्कामावरून पूजानं तो साहेबांना पाठवला. लगेच फोन आला. "एक नंबर फोटो! पण पोरी कुठंयत?"

"मागं हाव, साहेब."

"असू द्या, असू द्या. काही बिघडत न्हाई!"

खाली उतरल्यावर शकूनं पूजाचा फोन हातात घेऊन फोटो पाहिला. "ह्यात तुझा हात कोणता?"

"डावीकडचा."

"बोटं तरी नीट आलीत," ती म्हणाली.

* * *

आता शेवटचा किस्सा. टँकर सत्काराच्या एकाच दिवशी आला, पुन्हा कधी आला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचा सत्कार वस्तीवरच ठरला. त्या सकाळी खरोखर टँकर आला. बायका घागरी घेऊन पळाल्या. शकूच्या आईनं तो घासलेला ड्रम ढकलत रस्त्यापर्यंत आणला.

ड्रायव्हर म्हणाला, "सरका, मावशी. हे पाणी सड्याचं हाय. साहेबांच्या गाडीमागं फुफाटा उडायला नको."

त्यानं फाट्यापासून मांडवापर्यंत रस्ता भिजवला. मग स्टेजच्या मागे टँकर लावून मागचा नळ सोडून दिला, मांडवात गारवा राहावा म्हणून. बायका घागरी खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या.

स्टेजवर मागे तोच फोटो, भिंतीएवढा मोठा करून लावलेला. आम्हा तिघींना शाली, नारळ आणि एकेक पाण्याची बाटली. साहेबांनी माइक घेतला.

"शब्द दिला होता का न्हाई? टँकर आला का न्हाई?"

पुढच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत.

"आता आमची वाघीण शकुंतला दोन शब्द बोलंल!"

सगळे शकूच्या खुर्चीकडे बघायला लागले. खुर्चीवर शाल होती, नारळ होता, सील न तोडलेली बाटली होती. शकू नव्हती.

मी कडेला बसले होते, त्यामुळे मला त्या मोठ्या फोटोच्या मागचं दिसत होतं. साहेबांना त्यांच्या फोटोमुळे काही दिसत नव्हतं. टँकरच्या नळापाशी शकू वाकली होती. तिच्यामागे तिची आई ड्रम घेऊन, आईच्या मागे सगळ्या वस्तीच्या घागरी. ड्रायव्हर ओरडत होता, "ए पोरी, बंद कामून केलास?"

साहेबांनी माइक माझ्यापुढे धरला. "कुठं गेली गं ती?"

मी उठले. माइकमधून आधी माझाच श्वास ऐकू आला.

"साहेब," मी म्हणाले, "ती नळ बंद करायला गेलीय. चालू राहिला होता."