वाटीतला पिवळा

करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्हाला त्यात घर मिळालं. आतली खोली पिवळी करायची, यावर नवऱ्याचं आणि माझं लगेच एकमत झालं. कुठला पिवळा, यावरून मात्र आठवडाभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

रंगाऱ्याने भिंतीवर शेजारी-शेजारी दोन चौकोन मारून दिले होते. मला डावा हवा होता, त्याला उजवा.

"तुझा टॅक्सीच्या टपासारखा दिसतोय," तो म्हणाला.

"आणि तुझा? पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी घातल्यासारखा!"

शेवटी निवाड्याला सासूबाईंना बोलावलं. सगळा संसार इथे झाला, तरी घरात त्या मालवणीच बोलतात. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही चौकोनांवरून हात फिरवला आणि डाव्याकडे बोट दाखवलं. "हो कावीळ झाल्लो. नि हो दुसरो, कावीळ उतारलेलो."

तेवढ्यात समोरच्या काकू वाटीत गरम पिठलं घेऊन आल्या. रंगाचं ऐकून त्याही खोलीत शिरल्या आणि नीट दिसावं म्हणून भिंतीला नाक लावायला गेल्या. खाली अंथरलेल्या पेपरवरून त्यांचा पाय घसरला. काकूंना मी धरलं. वाटी मात्र हिंदकळली आणि अर्धं पिठलं दोन चौकोनांच्या बरोब्बर मधे जाऊन बसलं.

मग नवरा हळूच म्हणाला, "अगं, हा मस्त आहे ना?"

मस्तच होता.

वाटीत उरलेलं पिठलं डब्यात भरून आम्ही लालबागच्या रंगाच्या दुकानात गेलो. तिथे नमुन्यावरून रंग जुळवून देणारं मशीन होतं. दुकानदाराने झाकण उघडलं, वास घेतला.

"मॅडम, मशीनला द्यायचं की मी खायचं?"

"आधी मशीनला," नवरा म्हणाला.

दुकानदाराने चमचाभर पिठलं पुठ्ठ्यावर थापून पंख्याखाली वाळवलं. "मिरच्या काढा हां, नाहीतर मशीन हिरवा देईल," असं बजावून मलाच कामाला लावलं. उरलेलं त्याने खरोखरच पावाबरोबर खाल्लं.

खोली रंगवून झाली, तशा सासूबाई दारात येऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"बरो दिसता," त्या म्हणाल्या. "पण मीठ कमी आसा."

काकू मागेच उभ्या होत्या. "भिंतीत ना?" त्यांनी विचारलं.

सासूबाई चहा ठेवायला निघून गेल्या.