म्हातारीला विचारून येतो

होड्या कोरणाऱ्या एबो क्वान्साला लेकीच्या लग्नाचं विचारा नाहीतर होडीच्या रंगाचं, त्याचं उत्तर ठरलेलं. "थांब, म्हातारीला विचारून येतो." तासणी खाली ठेवायची आणि भुसा तुडवत बदामाच्या झाडामागं जायचं.

झाडामागं कुणी म्हातारी नव्हती. त्या किनाऱ्यावरच्या गावांतले पंचसुद्धा निवाडा देण्याआधी 'म्हातारीला विचारतो' म्हणून आडोशाला जातात, आपसांत खल करतात आणि परत येतात. एबो पंच नव्हता, एकटा होता. म्हणून तो खलही एकट्यानंच करायचा, आणि मनातली म्हातारी मुद्दाम खवट बोलणारी ठेवायचा.

सव्विसाव्या वर्षी त्यानं तिला विचारलं नव्हतं. ताडीच्या बैठकीत एक तांडेल, होडीवरचा म्होरक्या, म्हणाला, तळ पातळ कर, होडी पळाली पाहिजे. चारचौघांत नाही कसं म्हणायचं, म्हणून एबो हो म्हणाला. होडी पळाली खरी, पण तिसऱ्या आठवड्यात लाटांच्या तोंडी उभी चिरली. धाकटा भाऊ एकोव तीत होता. त्याचा डावा पाय अजून फरफटतो.

आता एबो साठीला टेकलाय. परवाच्या मंगळवारी, म्हणजे मासेमारी बंद असते त्या समुद्राच्या सुट्टीच्या दिवशी, तांडेल अबाका दारात हजर झाला. त्यानं सांगितलेली होडी कोरून होत आली होती. खोड एबोनं स्वतः जंगलात हिंडून निवडलेलं, चार महिने तासलेलं. आणि आता नाळेशी, होडीच्या पुढच्या टोकाला, एक काळी रेघ निघाली होती, लाकूड आतून कुजल्याची खूण असावी अशी.

"डांबर भर नि दे पाण्यात सोडून," अबाका म्हणाला. "शनिवारी सण आहे. माझी बारा माणसं नवीन होडीची वाट बघतायत. हो की नाही ते आत्ता बोल, नाहीतर मी पलीकडच्या गावच्या सुताराकडं चाललो."

"थांब, म्हातारीला..."

"मर मेल्या! तुझी म्हातारी बहिरी झालीय."

"बहिरी नाही, तांडेल," भिंतीशी जेवत बसलेला एकोव मक्याच्या केंकीचा घास मिरचीच्या चटणीत बुडवत म्हणाला. "तुमच्या आवाजानं दचकली असेल."

एबो झाडामागं गेला. रेघ वरवरची असेल, तो म्हणाला. असेलही, म्हातारी म्हणाली, पण टोचून बघितलंस तर होडीला भोक पडेल, म्हणजे कळायची सोय नाही. चार महिने गेलेत गं. ते गेलेच, म्हातारी म्हणाली. हेच खोड आज कुणी कोरं, रेघेसकट दारात आणून टाकलं, तर बारा माणसांच्या होडीसाठी घेशील?

एबो परत आला तो करवत घेऊनच.

"एकोव, दुसरं टोक धर."

"दादा, अख्खी नाळ?"

"रेघेच्या अलीकडून. उरेल त्याची खाडीतली होडी होईल, तिघांपुरती."

अबाका शिव्या देत उभा राहिला, पण गेला नाही. करवत पार झाली, तुकडा वाळूत पडला. एबोनं तो रेघेवरच कुऱ्हाडीनं फोडला. तिघंही वाकले. रेघ बोटभर आत जाऊन संपली होती. पुढचं लाकूड लोण्याच्या रंगाचं, निरोगी.

"बघ!" अबाका नाचलाच. "बघ की रे! चांगली होती! खाल्लीस ना माझी होडी?"

एकोवनं भावाकडं पाहिलं. एबोनं तुकडा उचलून वास घेतला आणि चुलीकडं फेकला.

"चांगली होती," तो म्हणाला. "पण हे कापल्यावर कळलं. उद्या अशीच रेघ निघाली तर उद्याही कापीन."

"आणि तेही चांगलं निघालं तर?"

"तर चूल पेटेल. माणसं तर बुडणार नाहीत."

 अबाकाची नजर एकोवच्या पायावर गेली आणि तिथून उरलेल्या खोडावर. त्यानं खोडावर टिचकी मारून आवाज ऐकला.

"पावसाआधी माझ्यासाठी दुसरं खोड बघशील, एबोदादा?" त्याचा आवाज खाली आला होता. "आणि ही छोटी... कुणाला देणार?"

एबोनं करवत भिंतीला टेकवली.

"थांब," तो म्हणाला आणि बदामाकडं निघाला.