मासे नसलेली टाकी

डिंभ्याला एसटीची वाट बघायची ती मावशीच्या टपरीवर. तिचं नाव मला अजून माहीत नाही. धरणातले मासे ती तव्यावर तळते आणि बोलतेही तव्याशीच. वाक्य संपलं की उलथनं तव्यावर एकदा आपटते. की विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात तिने मोठ्या हौसेने काचेची टाकी आणली. त्याच दिवशी नळाचं पाणी भरून रंगीत मासे सोडले आणि संध्याकाळपर्यंत सगळे उताणे. "मावशीच्या हातात मासा जगायचाच न्हाई," असं म्हणून सगळा स्टॉप हसला.

यंदा तिने वाळू घातली, पाणी भरलं, पंप लावला आणि मासे आणलेच नाहीत. कित्येक आठवडे नुसते बुडबुडे.

"मावशी, आज काय, पाणी फ्राय?" गिऱ्हाईकं चिडवायची.

"पाणी अजून कोरं हाय, भाऊ. नव्या पाण्यात मासा मरतो, जरा जुनं व्हऊ द्या." ठण्ण.

गेल्या सोमवारी मासे आले. ऐन जेवणाच्या वेळी तिने गॅस बंद केला. माशांची पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच मोकळी केली. एसटी हॉर्न देत राहिली, पण जागचं कुणी हललं नाही.

आज आठवडा झाला, सगळे मासे झोकात फिरतायत. पुण्याच्या एका पाहुण्याने त्यातल्या लठ्ठ माशाकडे बोट केलं. "मावशी, हा ताजा दिसतोय. हाच तळा."

मावशीने बोलताना पहिल्यांदाच तव्यावर झुकलेली मान वर केली.

"ताजा न्हाई, पावणं. जिता हाय!"

उलथनं दोनदा वाजलं.