चेअरमनांच्या गावातली मेंबर

त्या वर्षी चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्यात वारं असं सुटलं होतं की बाग्वा डोंगर उतरून ते थेट माणसाच्या पायजम्यात शिरायचं. पेरूच्या बागांत फळांना बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या रात्रभर फडफडल्या, आणि सकाळी सगळ्या गावाचे डोळे जागरणानं लाल. समोरच्या पत्र्याच्या शेडमधलं मशीन मात्र उजाडताच सुरू झालं. खर्र, खट. खर्र, खट. बाँगछी अक्का मोज्यांची तोंडं शिवायला बसली होती.

मोजा विणून निघतो तेव्हा दोन्हीकडून उघडा असतो, नुसतं नळकांडं. बोटांकडचं तोंड कुणीतरी शिवावं लागतं. आमच्या शेतौ गावात हे काम बायका करतात आणि खोक्यावर नाव चेअरमनचं छापलं जातं.

शेतौत दोन गोष्टी उदंड. एक पेरू, दुसरे चेअरमन. घरामागं चार मशिनं टाकली की माणूस आधी कार्ड छापतो, मग सूत आणतो. चौकात कुत्र्याला दगड मारला तर तो वाटेत दोन चेअरमनांना लागून जातो. त्यात निम्म्या गावाचं आडनाव स्याव, आणि आमच्या बोलीत सूर जरा घसरला की स्याव म्हणजे वेडा. मी ल्यू. म्हणजे उरलेल्या शहाण्या निम्म्यातला, निदान कागदोपत्री. स्कूटरदुरुस्तीचं माझं दुकान अक्काच्या शेडसमोरच आहे. त्यामुळं जे सांगतोय ते काळ्या हातानं, पण जवळून पाहिलेलं.

बाँगछी हे काही लाडाचं नाव नव्हे. पोरगा हवा असताना पोरगी झाली की जुने बाप हे नाव ठेवून मोकळे व्हायचे. अर्थ एवढाच, की आलीच आहे तर वाढवू. नकुशीच म्हणा ना. तिच्या पाठीवर भाऊ झाला, त्याचं नाव ठेवलं बुनलिओंग, विद्येचा ड्रॅगन. नकुशीनं ड्रॅगनला पाठुंगळी घेऊन वाढवलं. मग बापानं कारखाना ड्रॅगनला दिला आणि नकुशीला त्यात शिवणकाम.

अक्काचा नवरा लवकर गेला. दिवसभर ती भावाच्या कारखान्यात शिवायची, आणि सकाळ-संध्याकाळ घरच्या शेडमध्ये, भावानं भंगारात काढलेल्या आणि मी जोडून दिलेल्या मशीनवर. बसून बसून तिचे पाय सुजायचे. मोज्याचं इलॅस्टिक पोटरीत रुतायचं. वैतागून तिनं एक मोजा केला, वर सैल, टाचेत घट्ट. घसरत नाही आणि रुततही नाही. बुनलिओंगनं तो दोन हातांनी ताणून पाहिला होता.

"अक्का, हा मोजा आहे का तांदळाची पिशवी?"

"तांदळाला पाय असते तर सुखी झाला असता," ती म्हणाली, आणि तो मोजा स्वतःच इंटरनेटवरच्या बाजारात थोडा थोडा विकायला लागली.

तिथं तो ओहायोतल्या एका बाईला सापडला. बाईची तीन दुकानं, सगळी दुखऱ्या पायांच्या सामानाची. तिला माल भरपूर हवा होता. पण तिच्या हिशेबनिसाची अट होती, की अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीकडूनच घेणार. ते जमत नसेल तर तुमच्याच गावातली अमुक कंपनी आम्हाला आधीपासून माल देते, तिच्यामार्फत पाठवा. उत्तर नव्या वर्षातल्या कंदिलांच्या पौर्णिमेपर्यंत हवं. अमुक कंपनी म्हणजे बुनलिओंगची.

बुनलिओंग खूश. "तुझा मोजा, माझं लेबल. घरातलं घरात."

"लेबलावर काय?"

"ड्रॅगन. दुसरं काय?"

"सुजलेले पाय माझे, आणि त्यावर बसणार तुझा ड्रॅगन?"

"अक्का, तू बाई माणूस, अमेरिकेत कंपनी काढणार का?"

तोवर तिच्या डोक्यात तसलं काही नव्हतं. ते त्यानंच घातलं, याचा मला साक्षीदार ठेवा.

दोन दिवसांनी युआनलिनहून को साहेब आले. हे गृहस्थ आयुर्विमा विकायचे, दफनभूमीतल्या जागा विकायचे आणि मधल्या काळासाठी अमेरिकन कंपन्या काढून द्यायचे. माझ्या दुकानात बसून, माझाच चहा पीत त्यांनी अक्काला समजावलं.

"चेअरमनबाई, अमेरिकेत जायला नको, तिथलं नागरिक असायला नको. वायोमिंग नावाचं राज्य आहे, तिथं नोंदवू."

"तिथं कोण असतं?"

"गाई असतात."

"मग माझी सरकारी पत्रं कोण घेणार, गाई?"

"तिथं एक प्रतिनिधी नेमायचा असतो. त्याचा पत्ता लावायचा. तो फक्त जागेवर बसतो, आलेलं पत्र घेतो, तुम्हाला कळवतो. वर्षाला त्याला काहीतरी द्यायचं."

अक्काचा चेहरा उजळला. "म्हणजे भूमिदेव. आमच्या शेताच्या बांधावर बसलाय तसा. करत काही नाही, पण नसला तर चालत नाही."

को साहेब या धंद्यात बरीच वर्षं होते, पण इतक्या थोडक्यात त्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. पुढं इतर गिऱ्हाइकांना तेच सांगायला लागले, अक्काचं नाव न घेता.

मग कराच्या नंबरचा अर्ज निघाला. अमेरिकन नंबर नसलेल्या माणसाला तो इंटरनेटवर मिळत नाही, फॅक्स करावा लागतो. फॅक्सचं मशीन गावात अजून घरटी एक आहे, आणि माझ्याकडं सुट्या भागांसाठी आहेच. अर्जाचा क्रमांक नेमका चार. आमच्याकडं चार आणि मरण यांचा उच्चार एकमेकांच्या मांडीवर बसलेला.

"बाळाचा नंबर मागायला मरणाचा अर्ज?" अक्का म्हणाली. "आणि या चौकोनात हे काय लिहिलंत?"

"परदेशी. तुमच्याकडं त्यांचा नंबर नाही ना, म्हणून."

"मी इथंच जन्मले, इथंच मरणार. परदेशी ते."

"ते त्यांना कळवायला अर्जात जागा नाही," को साहेब म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा. वर्षातून एकदा त्यांच्या कर खात्याला कागद पाठवायचा, धंदा होवो न होवो. चुकलात तर दंड असा आहे की शेड, मशीन आणि हा मेकॅनिक, तिन्ही विकून भरणार नाही."

"मेकॅनिकचं काही येतच नाही," अक्का म्हणाली.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते कंपनीच्या करारनाम्यावर. अक्कानं चष्मा लावून को साहेबांना विचारलं, "यात मी चेअरमन आहे ते कुठं लिहिलंय?"

"या प्रकारच्या कंपनीत चेअरमन नसतो, बाई. मालकाला मेंबर म्हणतात."

अक्कानं पर्स उघडून एक प्लास्टिकचं कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. "ही बघा मेंबर. सुपरमार्केटची. मला अंडी स्वस्त मिळतात. शेतकरी संघाचीही मेंबर आहे, तिथं वर्षाला साबण देतात. तिसरीकडं मेंबर व्हायला मी अमेरिकेत कंपनी काढू? या गावात पानसुपारी विकणारा चेअरमन आहे, को साहेब."

"तुम्ही एकमेव मेंबर आहात पण. कंपनीत दुसरं कुणीच नाही. सभा भरली तर तुम्ही एकट्या, मत दिलं तर तुम्ही एकट्या. तुम्हाला काढायचं झालं तर तेही तुमचं तुम्हीच."

"एकटीच्या सभेला चहा कोण करणार?" असं म्हणून अक्का उठली आणि सही न करता शेडमध्ये गेली. खर्र, खट.

गावात बातमी दडत नाही, आणि स्यावांच्या गावात तर ती वेड्यासारखी पळते. संध्याकाळपर्यंत बुनलिओंगला कळलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्या बायकांपुढं तो म्हणाला, "या, मेंबरबाई. पॉइंट किती जमले?" बायका हसल्या. अक्काही हसली, पण त्या दिवशी तिच्या मशीनवर दोनदा सुई मोडली. तिची सुई मोडल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

को साहेबांचे फोन येत राहिले. ती उचलत नव्हती. तिकडं ओहायोची बाई वाट बघत होती, आणि बुनलिओंगनं तर ड्रॅगनची लेबलं छापायलाही टाकली.

मग कारखान्याचं वर्षअखेरचं जेवण आलं. मालकानं कामगारांना जेवू घालायचं, बक्षिसं वाटायची, बेसूर गायचं. यात जुनी एक चाल आहे. ताटातल्या अख्ख्या कोंबडीचं मुंडकं ज्याच्याकडं रोखलेलं, त्यानं नव्या वर्षी कामावर यायचं नाही. तोंडानं सांगायला मालकाला लाज वाटते, म्हणून कोंबडीकडून सांगायचं. हल्ली शहाणे मालक मुंडकं स्वतःकडं वळवून ठेवतात, नाहीतर स्वयंपाक्याला आधीच उडवायला सांगतात. त्या दिवशी बुनलिओंगच्या टेबलावर कोंबडीला मुंडकं होतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या पोटाकडं बघत होतं.

मी त्याच टेबलावर होतो. कारखान्याच्या स्कूटरी मीच बघतो. सूप झालं, मासा झाला, बुनलिओंगच्या पोटात भाताची दारू बरीच गेली. मग त्यानं टेबलावरच्या फिरत्या काचेला बोट लावलं. काच हळूहळू फिरली. मुंडकं हिशेबनिसासमोरून गेलं, तो पांढरा पडला. माझ्यासमोरून गेलं, मी उगाच पोट आत घेतलं. अक्कासमोर आल्यावर बुनलिओंगनं काच दाबून धरली.

तो मोठ्यानं हसला.

"अगं, थट्टा आहे. ड्रॅगनच्या लेबलाला हो म्हण, की लगेच फिरवतो परत."

त्याची बायको पुटपुटली, "अहो, अक्कांशी असली थट्टा करतात का?" पण काच त्यानं सोडली नाही.

अक्कानं कोंबडीकडं पाहिलं, कोंबडीनं अक्काकडं. मग तिनं जेवणाच्या काड्या बाजूला ठेवल्या, हातानं मुंडकं मोडून घेतलं आणि चावायला सुरुवात केली. निवांत. आधी तुरा, मग गालाकडचं. हाड बाहेर काढून ताटलीत ठेवलं.

"लिओंग, तुझ्या कंपनीतनं तुला काढू शकणारे किती, सांग. वयनी एक. कंपनीचा मोठा शिक्का तिच्या कपाटात. वयनीचा भाऊ दुसरा. छोटा शिक्का त्याच्या खिशात. परवा सुताचं बिल द्यायला दोन्ही शिक्के मागत तू दोघांच्या दारात उभा होतास."

"ते वेगळं."

"माझ्याकडं मी एकटीच मेंबर. मला काढायचं तर मलाच हात वर करावा लागतो. आणि माझ्या हातात आत्ता कोंबडी आहे."

पहिली वयनी हसली. मग सगळं टेबल. बुनलिओंगही हसला, उशिरानं, आणि काच सुटली तेव्हा बिनमुंडक्याची कोंबडी गरगर फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं को साहेबांना फोन करून बोलावून घेतलं. कागद माझ्या टेबलावर पसरले. कंपनीच्या नावाची जागा तेवढी कोरी होती. को साहेबांनी तयारी करून आणली होती. "गोल्डन फिनिक्स ग्लोबल. ज्योतिषाला दाखवलंय, आकडा शुभ आहे."

"बाँगछी लिहा."

"बाई, अमेरिकन लोकांना उच्चारता येणार नाही."

"ते काय मोज्याला हाक मारणार आहेत?"

को साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ते आमच्या गावचे नसले तरी बोली आमचीच. नावाचा अर्थ त्यांना माहीत होता. "असं नाव कंपनीला शोभेल का? आलीच आहे तर वाढवू?"

"मग? तुम्ही सोडून ही कंपनी कुणाला हवी होती? माझ्या भावाला नको, मलासुद्धा कालपर्यंत नको होती. आलीच आहे तर वाढवू."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, इथं सही करा, शिक्का नको, अमेरिकेत शिक्का चालवत नाहीत. अक्कानं जन्मात सही केली नव्हती, जिथं तिथं नावाचा लाकडी शिक्का उमटवलेला. तिनं जीभ ओठांत धरून तीन अक्षरं काढली, आणि को साहेब नको नको म्हणत असताना त्यावर लाल शिक्का हाणला.

"अमेरिका काय म्हणेल, बाई?"

"काही म्हणणार नाही. लाल शाई आहे, शेण नाही."

वायोमिंगनं खरंच काही म्हटलं नाही. कराच्या नंबराचा फॅक्स मात्र जाऊन नवीन वर्ष उलटलं, फटाके संपले, तरी उत्तर येईना. अक्का रोज माझ्या दारात यायची, फॅक्सच्या मशीनकडं आजारी कोंबडीकडं बघावं तसं बघायची आणि परत जायची. भावाच्या कारखान्यात ती गेली नव्हती. मुंडकं थट्टेचं असो की खरं, चाल ती चाल. पौर्णिमा तोंडावर आली, गल्लीत कंदील टांगायला लागले, तेव्हा एका सकाळी मशीन कुरकुरलं. मी स्कूटर तशीच आडवी टाकून धावलो. नंबर आला होता. सुरुवात नवापासून, मग आठ.

"नऊ म्हणजे दीर्घायुष्य, आठ म्हणजे भरभराट," मी म्हटलं. "परदेशी लोकांना बहुतेक तसाच देतात म्हणे."

"मग परदेशी असणं काही वाईट नाही," अक्का म्हणाली. त्याच दिवशी ओहायोला निरोप गेला, आणि ओहायोकडून होकार आला.

त्यानंतरच्या आठवड्यात बुनलिओंग शेडच्या दारात येऊन उभा राहिला. मागं टेम्पो, टेम्पोत न शिवलेल्या मोज्यांची पोती.

"अक्का, नवी बाई तोंडं वाकडी शिवते. गिऱ्हाइकानं माल परत केला."

"ठेव तिथं. आधी माझा माल, मग तुझा."

त्यानं पोती उतरवली, स्वतः. मग तिथल्या खोक्यावरचं लेबल उचलून वाचलं. बाँगछी.

"बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"तेच, जे तेव्हा म्हणाले," अक्का म्हणाली. "उजेडातनं सरक."

तो सरकला. तिनं पोत्यातला एक मोजा काढून उलटा केला, तोंड जुळवलं आणि पाय मशीनच्या पट्टीवर ठेवला. तो पाय तिच्याच मोज्यात होता. खर्र, खट.