सामानाची लिफ्ट

"तुझी बाई इथं पडलीय. घेऊन जा."

इंटरकॉमवर चौदाव्या मजल्यावरची मॅडम बोलली. मी मुंबईतल्या त्या टॉवरच्या गेटवर वॉचमन होतो. बायको वर तिच्याकडं धुणीभांडी करायची. घेऊन जा. पार्सल आल्यासारखं.

सामानाच्या लिफ्टनं वर गेलो. त्या बिल्डिंगीत दोन लिफ्टा. एक मालक लोकांची, एक सामानाची. आम्ही कामाची माणसं सामानात. बायको दाराबाहेर चपलांपाशी बसवलेली. घामानं भिजलेली, लुगड्यावर उलटी. "छातीत कळ मारती," एवढंच म्हणाली. तिला धरून उभी केली तोवर सामानाची लिफ्ट खाली गेली होती. कुणाचं तरी कपाट चढवत होते. ते दारात अडकलं. लिफ्ट वर येईना.

तेवढ्यात मालकांची लिफ्ट उघडली. आत सोसायटीचा चेअरमन. गच्चीवरच्या तलावात पोहून आलेला, अंगावरून पाणी गळतंय. मी म्हटलं, साहेब, दवाखान्यात न्यायचंय. त्यानं तिच्या लुगड्याकडं पाहिलं.

"ओकलीय ती. माझे पाहुणे यायचेत. सामानाच्या लिफ्टनं ने."

बटण दाबलं. दार मिटलं.

आम्ही घोटीकडचे, डोंगरातले. आमच्या पाड्यावरून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणतात. रस्ता नाही म्हणून. इथं काय नव्हतं? दार होतं, बटण होतं, वीज होती. मी तिला पाठुंगळी घेतली आणि जिना उतरायला लागलो. तिचा श्वास मानेवर लागत होता. गरम. मग लागेनासा झाला. तिचे हात माझ्या गळ्याभोवतून सुटले.

खाली चेअरमन कपडे बदलून पाहुण्यांची वाट बघत उभा. मी तिला फरशीवर निजवली. तो म्हणाला, "जिन्यात घाण केली असेल तर पुसून घे."

गेटवरची माझी काठी दाराशी टेकवलेली होती, ती उचलली. पहिला रट्टा तोंडावर. दात फरशीवर उडाले. खाली पडला तरी हाणत राहिलो. गुडघ्यावर, बरगडीवर, बटण दाबलेल्या हातावर. हाडाचा आवाज आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मग पोलिसांनी मला पट्ट्यानं फोडला. ते मी मोजलं नाही.

जामिनावर सुटलो, नाशिकला आलो. पंचवटीत एक खोली आहे. इथं लोक विचारतात, मुंबई कशी?

वाईट म्हणणार नाही. बायकोच्या हातात तिचा स्वतःचा पगार पहिल्यांदा तिथं पडला. रस्त्यात कुणी आडनाव विचारलं नाही. सुट्टीला आम्ही समुद्रावर चणे खात बसायचो. ती म्हणायची, "इथं कुणाच्या बांधावर बसलोय असं वाटत नाय." गावात असं कधी वाटलं नव्हतं. पण रस्त्यावर विचारत नाहीत ते लिफ्टच्या दारात विचारतात. समुद्र सगळ्यांचा. जिना आमचा.

परवा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. खिशात वकिलानं टाईप केलेला माफीनामा.

"दाजी, एवढं करा. चेअरमन केस मागं घेतो म्हणला."

"तुझ्या बहिणीचं काय म्हणला?"

"तिचं काय नाय बोलला." मग खाली बघत म्हणाला, "गावच्या दोन बाया हायेत तिथं कामाला. त्यांना काढतील."

"बायांनी काम करावं. पोट भरावं. माझ्या माफीवर नाय."

"म्हातारपणी जेलात मरायचं का?"

"तिला मरताना चपलांपाशी बसवली. जेल बरं."

कागद बघितला. खाली अंगठ्यासाठी चौकोन आखलेला. दर महिन्याला चेअरमनसमोर पगाराला सही करायचो मी. चौथीपर्यंत शिकलोय. तरी चौकोन.

मेव्हण्याच्या खिशातला पेन घेतला. त्या चौकोनात लिहिलं: मी मारलं. परत अडवलं तर परत मारीन. चौकोन पुरला नाही, बाहेर गेलं. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

मेव्हण्यानं कागद वाचला. म्हणाला, "दाजी, ह्याच्यानं तुम्ही आत जाल."

म्हटलं, "वकिलाला दे. वाचता येत असंल त्याला."